फोटोतल्या माणसाचं नाव विचारा : फोटो स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, मुंबई, नागपूर, पणजी, जिथे जिथे फोटोग्राफीचे क्लब आहेत आणि दरवर्षी स्पर्धा-प्रदर्शनं भरतात त्या सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. कुणा एका संस्थेबद्दल तक्रार नाहीये. उलट तुम्ही लोक पदरमोड करून हॉल बुक करता, प्रिंट्स काढून आणता, रात्री उशिरापर्यंत माउंटिंग करत बसता, हे मी जवळनं बघितलंय, त्याला हातभारही लावलाय, आणि फोटोग्राफी मी जी काही शिकले त्यातला मोठा भाग तुमच्या प्रदर्शनांत उभं राहूनच शिकले. म्हणून हक्काने लिहितेय.

आषाढी झाली की तुमच्या स्पर्धांचे फॉर्म यायला लागतात, कारण १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो आणि सगळ्यांना त्याच आठवड्यात प्रदर्शन हवं असतं. फॉर्ममध्ये काय काय विचारता ते एकदा परत वाचून बघा. स्पर्धकाचं नाव, मोबाईल, कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, शटर स्पीड, ॲपर्चर, आयएसओ, फोटोचं शीर्षक, लांब बाजू किती पिक्सेल, फाईल किती एमबीच्या आत. आणि फोटोत जी बाई डोक्यावर तुळस घेऊन उभी आहे तिचं नाव लिहायला रकाना नाही. गावाचं नाव नाही. तिला विचारून फोटो काढलाय का, तिला फोटो दिलाय का, काही नाही. मग स्पर्धक शीर्षकाच्या जागी ‘श्रद्धा’ लिहितो, नाहीतर ‘ओढ विठ्ठलाची’ लिहितो, आणि ती बाई कायमची ‘श्रद्धा’ होऊन बसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की डॉक्युमेंटरी, पोर्ट्रेट, वारी, लोकजीवन असल्या विभागांमध्ये फोटोतला माणूस कोण हे विचारायला सुरुवात करा, आणि परीक्षण करताना त्या उत्तराला मार्क द्या. तुम्ही ज्या मोठ्या फोटोग्राफर्सची नावं वर्कशॉपमध्ये घेता त्यांचं कामही लाइट आणि फ्रेमच्या पलीकडे जाऊन बघा, ते समोरच्या माणसाशी कसे वागले, कुठे चुकले, काय परत दिलं, हे बघा. कारण माझ्या मते तोच त्यांच्या कामाचा गाभा आहे आणि नेमका तोच आपण शिकवत नाही.

लुइस हाइनपासून सुरुवात करते. हा न्यूयॉर्कचा शाळामास्तर, १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी गिरण्या, खाणी, काचकारखान्यांत राबणाऱ्या पोरांचे फोटो काढत फिरला. कारखानदार आत येऊ द्यायचे नाहीत म्हणून कधी बायबल विकणारा म्हणून जायचा तर कधी आणखी काही सोंग घ्यायचा. खिशात वही, आणि पोरांची उंची कळावी म्हणून ती आपल्या कोटाच्या कुठल्या बटणापर्यंत येतात ते बघून ठेवायचा. त्याच्या एका फोटोत सूतगिरणीतल्या भल्यामोठ्या यंत्रांच्या रांगेपुढे एक मुलगी उभी आहे, आणि त्याखाली त्याने लिहून ठेवलंय, सेडी फायफर, उंची ४८ इंच, सहा महिन्यांपासून कामाला आहे, लँकेस्टर कॉटन मिल्स, साउथ कॅरोलिना, ३० नोव्हेंबर १९०८. चार फूट उंचीची पोरगी. आता या फोटोची फ्रेमिंग जबरदस्त आहे, यंत्रांची रांग कशी लांबवर जाते वगैरे, पण गिरणीमालकाला ‘फोटो खोटा आहे’ असं म्हणता येऊ नये अशी ताकद त्याला खालच्या त्या ओळीने दिली. नाव आहे, उंची आहे, गिरणी आहे, तारीख आहे, जा आणि बघून या. आज ते हजारो फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टिपणांसकट आहेत, आणि शंभर वर्षांनी लोकांनी त्या नावांवरनं त्या पोरांच्या नातवंडांपर्यंत माग काढलाय. नुसतं ‘हरवलेलं बालपण’ लिहिलं असतं तर कुणाचा माग काढणार होते?

आता दुसरी बाजू, आणि ही जरा सविस्तर सांगते कारण हा फोटो तुमच्यातल्या प्रत्येकाने स्लाइडशोमध्ये दाखवलेला आहे. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित आई. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो. लँग महिनाभराचं सरकारी काम आटपून घरी चालली होती, रस्त्यात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या कॅम्पची पाटी दिसली, ती पुढे निघून गेली, वीसेक मैल गेल्यावर राहवेना म्हणून गाडी वळवून परत आली. पावसात भिजलेली राहुटी, बाई, पोरं. थोड्याच फ्रेम घेतल्या, प्रत्येक फ्रेममध्ये अजून जवळ जात, आणि शेवटची ती, हनुवटीला हात लावलेली, दोन पोरं पाठमोरी, मांडीवर तान्हं. फोटो पेपरात आल्यावर सरकारने त्या कॅम्पवर धान्य पाठवलं. पण तोवर ते कुटुंब तिथनं निघून गेलेलं होतं.

लँगनेच नंतर लिहून ठेवलंय की मी तिचं नाव विचारलं नाही, तिची हकीकतही विचारली नाही. वय तेवढं कळलं होतं, ३२. फोटोखाली गेलं काय, तर कॅलिफोर्नियातली निराधार वाटाणा-मजूर, सात मुलांची आई. जगातला सगळ्यात जास्त छापला गेलेला फोटो म्हणावा असा हा फोटो, आणि त्यातल्या बाईचं नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ निवासींपैकी, हेही तेव्हाच लोकांना कळलं. लँग तर १९६५ मध्येच गेली होती. फ्लॉरेन्सने सांगितलं की तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, मला त्याचा एक पैसा मिळाला नाही, तिने माझं नाव विचारलं नाही, एक कॉपी पाठवते म्हणाली होती तीही पाठवली नाही. आणि लँगच्या टिपणात होतं की यांनी खाण्यासाठी गाडीचे टायर विकले, तर फ्लॉरेन्सचा मुलगा म्हणाला टायर विकलेच नव्हते, गाडी बंद पडली म्हणून आम्ही तिथे थांबलो होतो, दुरुस्त झाली की पुढे निघालो. म्हणजे एवढ्या मोठ्या फोटोग्राफरनेसुद्धा न विचारता सोडलेली जागा अंदाजाने भरली गेली आणि तीच गोष्ट चाळीस वर्षं खरी म्हणून चालली.

हे सांगताना लँगला कमी लेखायचं नाहीये, मला ती फार मोठी वाटते. एरवी ती लोकांशी बोलून त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेणारी बाई होती, १९३९ मध्ये नवरा पॉल टेलरबरोबर केलेल्या पुस्तकात लोकांची स्वतःची वाक्यं फोटोंखाली आहेत, १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांना छावण्यांत डांबलं त्याचे तिने काढलेले फोटो लष्कराने दाबून ठेवले इतके ते खरे होते. एकदाच, दमून घरी जाताना, दहा मिनिटांत काम उरकलं आणि विचारायचं राहिलं, तर एवढं झालं. आपल्याकडे तर न विचारणं हीच पद्धत झालीय. अजून एक गोष्ट, त्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात फ्लॉरेन्सचा राहुटीच्या खांबाला धरलेला अंगठा येत होता, तो लँगने नंतर निगेटिव्हवरच पुसून टाकला. म्हणजे अंगठा खटकला, नाव नसणं तेव्हा खटकलं नाही. आपल्या परीक्षणाच्या बैठकांमध्ये नेमका हाच क्रम असतो.

मागे एका क्लबात खुलं परीक्षण होतं, मी बसले होते. पडद्यावर वारीतल्या एका आजींचा फोटो आला, ब्लॅक अँड व्हाइट, चेहरा पूर्ण फ्रेमभर, क्लॅरिटीचा स्लायडर असा ओढलेला की सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसत होत्या, एका बाजूने लाइट. परीक्षक बराच वेळ बोलले आणि चांगलं बोलले, कॅचलाइट बघा, मागचा फोकस कसा सुटलाय बघा, डावीकडचा पांढरा ठिपका तेवढा क्लोन करून काढायला हवा होता. मग मागच्या खुर्चीवरनं कुणीतरी विचारलं, कोण आहेत या आजी? फोटो काढणारा म्हणाला माहीत नाही, दिवेघाटात भेटल्या. पुढचा फोटो आला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण तो मुलगा चांगला आहे, मेहनती आहे, पहाटे तीनला उठून घाटात जातो, त्याला विचारायला कुणी शिकवलंच नाही.

आणि वारीत नाव-गाव शोधणं तर सगळ्यात सोपं! प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढे अमुक, रथामागे तमुक, ट्रकवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव आणि दिंडीचालकांचा मोबाईल लिहिलेला असतो, विणेकऱ्यांना विचारलं तर ते गावासकट सगळी माहिती देतात. मी ज्या दिंडीबरोबर चालते त्यातल्या लोकांना प्रिंट पाठवते, आणि त्यातनं मला फोटोग्राफीबद्दल जे कळलं ते कुठल्या वर्कशॉपात कळलं नाही. एका मावशींना त्यांचा क्लोजअप पाठवला होता, मला फार आवडलेला. त्यांचा फोन आला, फोटो मिळाला म्हणाल्या, पण माझे पाय कुठं गेले, आणि तुळस अर्धीच का घेतली? मी एवढं चालत आले ते पायच नाहीत का फोटोत? पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः सांगितलं तसा काढला, नऊवारी नीट करून, सरळ उभ्या, तुळस डोक्यावर, शेजारी जाऊबाई, दोघींचे पाय दिसतायत, रंगीत. स्पर्धेत हा फोटो पहिल्या फेरीत बाद होईल, ‘स्टिफ पोज, सेंटर कंपोझिशन’ म्हणून. त्यांच्या घरात तो भिंतीवर आहे.

फोटोग्राफर गौरी गिलने हीच गोष्ट केवढ्या उंचीवर नेलीय ते बघा. राजस्थानात लूणकरणसरला २००३ मध्ये उरमूल सेतू संस्थेने मुलींसाठी मेळा भरवला होता, बालिका मेळा, तिथे तिने तंबूत साधा स्टुडिओ लावला आणि ज्या मुलींना फोटो हवाय त्यांनी यावं, जसं उभं राहायचंय तसं उभं राहावं, जिच्याबरोबर काढायचाय तिला घेऊन यावं. मुली आल्या, सरळ कॅमेऱ्यात बघत उभ्या राहिल्या. ते फोटो आज जगभरच्या आर्ट गॅलऱ्यांत लागतात.

आणि तिचं नंतरचं काम तर आपल्या दारात झालंय, तरी आपल्या क्लबांमध्ये त्याचं नाव क्वचित ऐकू येतं. डहाणूजवळ गंजाड गाव आहे, तिथले वारली चित्रकार राजेश वांगड. गौरी गिल त्यांच्याकडे राहायला होती, ते तिला गावातल्या एकेका जागी घेऊन जायचे, इथे अमुक घडलं, इथे जंगल होतं, इथे असं झालं म्हणून सांगायचे, आणि तिच्या लक्षात आलं की मी काढलेल्या फोटोत नुसतं माळरान दिसतंय, यांनी सांगितलेलं काहीच दिसत नाहीये. आपल्यापैकी कुणी असतं तर लेन्स बदलली असती. तिने फोटो प्रिंट करून वांगडांच्या हातात दिले आणि त्यांनी त्यावर शाईने आपल्या गोष्टी काढल्या, बारीक बारीक माणसं, झाडं, देव, गाड्या, कारखाने, सगळं आभाळ भरून. २०१३ पासून हे काम चाललं आणि त्यावर दोघांची नावं असतात. मग जव्हारला बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या तिथल्या उत्सवाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे कलाकार, सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ आणि त्यांच्याबरोबरचे कोकणा-वारली लोक, यांना तिने सांगितलं की देव-राक्षसांऐवजी तुमच्या रोजच्या आयुष्यातले मुखवटे करा, आणि ते घालून लोक दवाखान्यात, दुकानात, घरात बसले आणि तिने फोटो काढले. आदिवासी माणूस म्हटलं की आपण उघडं अंग, चांदीचे दागिने आणि चुलीचा धूर शोधतो. इथे लोकांनी स्वतः ठरवलंय काय दाखवायचं ते. पुढच्या वेळी कुणी जव्हार-मोखाड्याला ‘ट्रायबल फोटो टूर’ काढली तर निघण्याआधी सगळ्यांना हे काम बसवून दाखवा, कळकळीची विनंती आहे.

आता तंत्राबद्दल, कारण मला माहितीय तुमच्यातले बरेच जण म्हणतील की बाई, शेवटी फोटो चांगला पाहिजे ना. पाहिजेच. पण ‘चांगला’ कोण ठरवतं हेही बघा. रॉबर्ट फ्रँक नावाचा स्विस माणूस १९५५ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप घेऊन जुनी फोर्ड गाडी घेऊन अमेरिकाभर फिरला, सत्तावीस हजारांच्या आसपास फ्रेम्स काढल्या, त्यातनं ८३ निवडल्या, पुस्तक आधी १९५८ मध्ये पॅरिसला निघालं, मग अमेरिकेत. ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ मासिकात त्यावर काय टीका झाली, तर निरर्थक ब्लर, ग्रेन, चिखलासारखं एक्सपोजर, झिंगलेली क्षितिजं. म्हणजे आपल्या परीक्षकांच्या तोंडची भाषा अगदी तीच! होरायझन तिरका आहे, बाद. आणि त्या तिरक्या, धूसर फोटोंतून अमेरिकेतला वर्णभेद, एकटेपणा, ज्यूकबॉक्स, झेंडे असं काही बाहेर आलं की पुढच्या पिढीच्या जवळजवळ प्रत्येक स्ट्रीट फोटोग्राफरने ते पुस्तक झिजेपर्यंत बघितलं. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रॉलीचा फोटो तुम्हाला आठवत असेल, पुढे गोरे, मागे काळे, मध्ये खिडक्यांच्या चौकटी. फ्रँकने नावं विचारली नाहीत हे खरंय, त्याची पद्धतच चालता चालता टिपायची होती, पण प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव मात्र ठेवलं, ‘ट्रॉली, न्यू ऑर्लिन्स’, बस. ‘भेदभाव’ असं शीर्षक दिलं नाही. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा ‘निर्णायक क्षण’, म्हणजे नेमक्या क्षणी शटर दाबणं, आपण घोकून घोकून गुळगुळीत केलाय त्यामुळे त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, एवढंच सांगते की ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून व्हायच्या थोडा वेळ आधी तो त्यांना भेटून आला होता आणि नंतरचे ते अंत्ययात्रेचे फोटो हा भारतात महिनोन्‌महिने राहून, माणसं ओळखून केलेल्या कामाचा भाग आहे, नुसत्या चपळाईचा नाही.

सुंदर फोटो आणि बिननावाची माणसं हा वाद जगात आधी होऊन गेलाय. सेबास्तियाव साल्गादो, ब्राझीलचा फोटोग्राफर, मूळचा अर्थशास्त्री, सेरा पेलाडाच्या सोन्याच्या खाणीत १९८६ मध्ये काढलेले त्याचे फोटो बघून आजही छाती दडपते, हजारो माणसं चिखलाच्या गोण्या घेऊन शिड्या चढतायत. त्याच्या स्थलांतरितांवरच्या कामाबद्दल अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅगने आक्षेप घेतला होता की कॅप्शनमध्ये या लोकांची नावं नाहीत, आणि फक्त प्रसिद्ध माणसांनाच नाव द्यायचं म्हटलं की बाकीचे सगळे आपल्या धंद्याचे, जातीजमातीचे, हालअपेष्टांचे नमुने होऊन जातात. मला साल्गादो आवडतो, वर्षानुवर्षं त्या लोकांमध्ये जाऊन राहणारा माणूस होता, तरी सॉन्टॅगचा हा मुद्दा मला खोडता येत नाही. आपल्या प्रदर्शनात अभिनेत्याच्या पोर्ट्रेटखाली नाव असतं, गायकाच्या असतं, आणि शेजारीच ‘जेजुरीचा भक्त’, ‘धनगर’, ‘कष्टकरी’. फोटोवर खाली वॉटरमार्क मात्र असतो, काढणाऱ्याच्या नावाचा. आपलं नाव असावं असं आपल्याला वाटतं ना, आणि वाटायलाच पाहिजे. होमाई व्यारावाला, आपल्या जे. जे.ची विद्यार्थिनी, देशातली पहिली महिला प्रेस फोटोग्राफर, तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे, हे ऐकल्यावर आपल्याला राग येतोच की. तोच राग फोटोच्या आतल्या माणसासाठीही यायला हवा.

अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथचं मिनामातातलं काम मला यातलं सगळ्यात मोठं उदाहरण वाटतं. जपानमधलं मिनामाता, चिस्सो कंपनीने समुद्रात पारा सोडला, मासे खाऊन माणसं लुळी पडली, आईच्या पोटातल्या बाळांना बाधा झाली. स्मिथ आणि त्याची बायको आयलीन १९७१ मध्ये तिथे गेले आणि घर भाड्याने घेऊन तीन वर्षं राहिले, जानेवारी १९७२ मध्ये कंपनीच्या माणसांनी स्मिथला असं मारलं की त्याची नजर अधू झाली. तो न्हाणीघरातला फोटो, आई र्‍योको उएमुरा पाण्यात बसून आपल्या तोमोकोला दोन्ही हातांवर तोलून धरतेय, तोमोकोची बोटं वाकडी, डोळे वर, आणि आईचा चेहरा. हा फोटो चोरून काढलेला नाही, आईशी बोलून, तिच्या संमतीने, ठरवून काढलेला आहे. १९७२ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकात आला आणि पाऱ्याच्या विषबाधेचं नाव जगभर गेलं. तोमोको १९७७ मध्ये २१ वर्षांची होऊन गेली. पुढे आईवडिलांना वाटायला लागलं की आता लेकीला विश्रांती मिळू दे, हा फोटो सारखा सारखा नको. तर १९९८ मध्ये आयलीनने, स्मिथ जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, त्या फोटोचा हक्क आईवडिलांना दिला आणि नव्याने छापायला देणं थांबवलं. त्या शतकातला सर्वात थोर फोटो म्हणावा असा, आणि तो मागे घेता येतो, कारण त्यातली माणसं कोण आहेत हे माहीत आहे, त्यांच्याशी नातं शिल्लक आहे, त्यांना ‘नको’ म्हणायला जागा आहे. आपल्या स्पर्धेत जिंकलेल्या फोटोतल्या कुणाला उद्या ‘नको’ म्हणायचं झालं तर तो कुणाला सांगणार?

फोटोग्राफर दयानिता सिंगचं तर पहिल्या भेटीतच असं झालं. दिल्लीत मोना अहमद या हिजड्याचे फोटो ती लंडनच्या एका पेपरसाठी काढत होती, फोटो लंडनला छापले जाणार हे कळल्यावर मोनाने रोल परत मागितला कारण तिकडे तिचे नातेवाईक होते, आणि दयानिताने देऊन टाकला. काम गेलं. पण मैत्री झाली, वर्षानुवर्षं टिकली, आणि २००१ मध्ये पुस्तक निघालं त्यात मजकूर मोनाचा स्वतःचा आहे, तिने प्रकाशकाला पाठवलेल्या ईमेल. २०२२ मध्ये दयानिताला हॅसलब्लाड हा फोटोग्राफीतला मोठा पुरस्कार मिळाला.

मला माहितीय तुम्ही काय म्हणणार. गर्दीत प्रत्येकाचं नाव कसं विचारायचं, जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळतोय त्यात कुणाला थांबवायचं? नका थांबवू. गर्दीचा फोटो गर्दीचाच आहे, जागा आणि तारीख लिहा, पुरे. आणि काही वेळा नाव छापणंच धोक्याचं असतं. अमेरिकन फोटोग्राफर मेरी एलन मार्कने मुंबईत फॉकलंड रोडच्या वेश्यावस्तीत काम केलं, आधी दहाएक वर्षं ती जाऊन बघत होती, बायका तिच्या अंगावर पाणी आणि कचरा फेकायच्या, मग १९७८ मध्ये येऊन तिथेच दिवसचे दिवस बसून राहिली तेव्हा कुठे दारं उघडली. तसल्या कामात चेहरा किंवा नाव दाखवायचं की नाही हा फार जबाबदारीचा निर्णय असतो. लहान मुलांचंही तेच. म्हणून मी ‘नाव छापा’ असा सरसकट नियम मागत नाहीये, स्पर्धकाला ते माहीत असावं आणि छापलं नाही तर का नाही हे त्याला सांगता यावं. भोपाळच्या वायुदुर्घटनेतल्या त्या बाळाचा फोटो, मातीतनं दिसणारा चेहरा, रघु राय यांनी काढला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही, त्या बाळाचं नाव कुणालाच माहीत नाही. सांगायला कुणी पुढे आलंच नाही. तिथे नाव नसणं हाच त्या डिसेंबर १९८४ चा पुरावा आहे. पण त्या बिननावाच्या फोटोची आणि घाटात भेटलेल्या, बोलता येणाऱ्या, पत्ता असलेल्या आजींच्या बिननावाच्या फोटोची बरोबरी कशी करणार?

आणि आपल्याकडे हे कुणी करत नाही असंही नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर किती वर्षं काम केलं, गटारात उतरणारी माणसं, त्यांची घरं, त्यांची कुटुंबं, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात चार दिवस नाव आलं. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर गावोगाव फिरले, वारीवर पुस्तक केलं. ‘पारी’वर, पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहावर, कुठलाही फोटो उघडा, माणसाचं नाव, गाव, तालुका, काम, सगळं खाली असतं, मराठीतही असतं. ही माणसं तुमच्यापासून एका फोनच्या अंतरावर आहेत. परीक्षक म्हणून बोलवा. दरवर्षी तेच ते लँडस्केपवाले आणि वेडिंगवाले ज्येष्ठ डॉक्युमेंटरी विभागाला बसवता, त्यांच्या विभागात ते उत्तम असतील, इथे दुसरं कुणीतरी हवं.

तर या वर्षीचा फॉर्म छापायला जायच्या आधी काय करता येईल ते सांगते. कॅमेरा-लेन्सचे रकाने तसेही डॉक्युमेंटरी विभागात कुणी वाचत नाही, ते काढा आणि तिथे विचारा की फोटोतली व्यक्ती कोण, कुठली, कशी भेट झाली, फोटो तिला दाखवला किंवा दिला का, नाव जाहीर करायला चालेल का. चार-पाच ओळी पुरेत. ज्याला देता येत नाही त्याने कारण लिहावं. एकेका फोटोऐवजी आठ-दहा फोटोंच्या मालिकेचा विभाग ठेवा, कारण एका सकाळीत एक भारी फोटो मिळतो, मालिका करायला परत परत त्याच माणसांकडे जावं लागतं. प्रदर्शनात प्रिंटखाली काढणाऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात फोटोतल्या माणसाचं नाव लावा. आणि जिंकलेल्या फोटोची एक प्रिंट त्या माणसाला पोचवायची जबाबदारी संस्थेने घ्या, बक्षिसाची रक्कम देताना पोचवल्याचं विचारा. खर्च काय, आठ बाय बाराची एक प्रिंट आणि कुरिअर. दिंड्यांचे पत्ते मी द्यायला तयार आहे, माझ्याकडे वही आहे.

या वर्षी मी मालिकाच पाठवणार आहे, प्रत्येक फोटोखाली नाव, गाव आणि दिंडी क्रमांक लिहून, रकाना असो वा नसो. तुम्ही तो जास्तीचा मजकूर ‘नियमबाह्य’ म्हणून काढून टाकू नका एवढं बघा. आणि हे सगळं समोरासमोर बोलायचं असेल तर कुठल्याही क्लबाच्या रविवारच्या मीटिंगला यायला मी तयार आहे, वर लिहिलेल्या सगळ्या फोटोग्राफर्सचं काम घेऊन येते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दरवर्षी फॉर्म भरणारी एक स्पर्धक